पीटेड सिंगल माल्टचं टेस्टिंग: धुराच्या पलीकडे पोहोचायचं कसं

पीटेड स्कॉचच्या टेस्टिंगहून परतलेल्या माणसाला ‘कसं झालं?’ विचारलं की बहुतेक वेळा दोनपैकी एक उत्तर मिळतं. ‘टिंक्चर प्यायल्यासारखं वाटलं’ किंवा ‘पाचही ग्लास सारखेच, नुसता धूर’. दोन्ही उत्तरं प्रामाणिक असतात. पण दोष बहुधा व्हिस्कीत नसतो. दुपारी तांबड्या-पांढऱ्यावर ताव मारलेला असतो, अंगावर अत्तर असतं, पहिला ग्लास वाइनसारखा घुसळून खोल हुंगलेला असतो आणि पहिल्याच घोटावर मत ठरलेलं असतं.

पीटेड सिंगल माल्ट म्हणजे पीटच्या धुरात वाळवलेल्या बार्लीपासून एकाच डिस्टिलरीत केलेली व्हिस्की. तिच्यात धूर सगळ्यात आधी आणि सगळ्यात जोरात येतो. त्याच्या मागे लिंबाची साल, मध, मनुका, समुद्राची खारी हवा, सुकं खोबरं असं बरंच काही असतं, पण ते उशिरा येतं. टेस्टिंगच्या सगळ्या पायऱ्या एकाच कामासाठी आहेत: धुराचा पहिला लोट ओसरेपर्यंत नाक आणि जीभ शाबूत ठेवणं. खालचा क्रम कोल्हापुरात टेस्टिंगला जाणाऱ्यासाठी लिहिला आहे, भरवणाऱ्यासाठी नाही.

आकड्यांबद्दल एक गोष्ट आधीच समजून घ्या, म्हणजे पुढे गोंधळ होणार नाही. पीट म्हणजे दलदलीत अर्धवट कुजून दबलेलं शेवाळ आणि झाडपाला. मोड आलेली ओली बार्ली वाळवताना तो जाळतात आणि त्याच्या धुरातले फिनॉल, म्हणजे धुरकट वासाची द्रव्यं, दाण्याला चिकटतात. लेबलवर किंवा माहितीपत्रकात दिसणारा पीपीएमचा (दशलक्षात किती भाग) आकडा त्या वाळलेल्या बार्लीतल्या फिनॉलचा असतो, बाटलीतल्या व्हिस्कीचा नाही. गाळण्याच्या (डिस्टिलेशनच्या) प्रक्रियेत त्यातला बराच भाग मागे राहतो आणि लाकडी पिंपात वर्षं गेली की धूर आणखी मऊ होतो.

पायरी १: नाव नोंदवण्याआधी विचारा

आयोजकाला फोन करून एवढं विचाराच: किती नमुने आहेत, प्रत्येकी किती मिली, बाटल्यांची नावं कोणती, त्यातली कास्क स्ट्रेंग्थ म्हणजे पाणी न घालता पिंपातल्या तीव्रतेनेच भरलेली किती, ग्लास कोणते, आणि खाणं कधी, आधी की नंतर?

चांगल्या टेस्टिंगमध्ये चार ते सहा नमुने असतात, प्रत्येकी १० ते १५ मिली. पाच नमुने १५ मिलीचे धरले तर ७५ मिली होतात, म्हणजे आपल्याकडच्या हिशोबाने अडीच छोटे पेग. त्यातल्या एकदोनांत अल्कोहोल ५५ टक्क्यांच्या वर असेल तर तीनच्या जवळ समजा. ‘प्रत्येकी ३० मिली, आठ ब्रँड’ अशी जाहिरात असेल तर ती पार्टी आहे. तिथे जायला हरकत नाही, पण चौथ्या ग्लासानंतर चव कळेल अशी अपेक्षा ठेवू नका.

परवान्याची बाजूही आधीच पाहा. महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वय २५ पूर्ण लागतं आणि पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो. तो एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो. हॉटेलच्या परमिट रूममध्ये एक दिवसाच्या परवान्याची सोय असते. पण कुणी तिकीट लावून हॉलमध्ये किंवा फार्महाऊसवर कार्यक्रम ठेवला असेल, तर त्याने राज्य उत्पादन शुल्क विभागाचा तात्पुरता परवाना घेतला आहे का, हे स्पष्ट विचारा. तारीख ड्राय डेला येत नाही ना, हेही बघा. आषाढी एकादशी, २ ऑक्टोबर आणि मतदानाच्या आसपासचे दिवस हमखास विसरले जातात.

सावधान: गोवा जवळ आहे म्हणून घाट चढून आणलेली बाटली ‘सगळ्यांना चाखायला’ घेऊन जाऊ नका. परवानगीशिवाय गोव्याची दारू महाराष्ट्रात आणणं हा गुन्हा आहे, आणि तुमच्यामुळे आयोजकही अडचणीत येतो.

पायरी २: आदल्या आठवड्यात नाकाचा सराव

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात आणि सगळ्यात जास्त फरक हीच पाडते. टेस्टिंगमध्ये ‘धूर’ एवढा एकच शब्द हाताशी असेल तर पाचही ग्लास सारखेच वाटणार. धुराचे प्रकार नाकाला आधी माहीत हवेत.

चुलीजवळ जाऊन पेटत्या लाकडाचा धूर आणि विझत आलेली राख, असे दोन वास वेगवेगळे घ्या. औषधाच्या कपाटातलं टिंक्चर आयोडीन कापसावर दोन थेंब टाकून हातभर अंतरावरून हुंगा. रस्त्याचं काम चालू असेल तिथे डांबराचा वास लक्षात ठेवा. सुक्या मासळीच्या दुकानासमोर थांबून खारा, धुरकट, जरा मांसल वास घ्या. लवंग दाताखाली फोडा. लवंगेतलं युजेनॉल आणि पीटच्या धुरातलं ग्वायकॉल ही फिनॉलच्या कुळातली नात्यातली द्रव्यं आहेत, त्यामुळे बऱ्याच पीटेड माल्टमध्ये लवंग जाणवते. मग धुराच्या मागचे वास: लिंबाची ताजी साल, सुकं खोबरं, मनुका, खजूर. बर्बनच्या (अमेरिकन व्हिस्कीच्या) पिंपात मुरलेल्या व्हिस्कीत व्हॅनिला आणि खोबरं सापडतं, शेरीच्या (स्पॅनिश वाइनच्या) पिंपातलीत मनुका आणि खजूर.

गुऱ्हाळाचा हंगाम असेल तर कोल्हापूरकरांना याहून चांगली शाळा मिळणार नाही. आधी चुलवाणापाशी उभं राहून जळत्या चिपाडांचा धूर घ्या. मग काहिलीजवळ जाऊन उकळत्या पाकाचा वास घ्या. नंतर दोन्हींच्या मध्ये उभं राहा आणि धुरातून गोडवा वेगळा ओळखायचा प्रयत्न करा. शेरीच्या पिंपातल्या पीटेड माल्टमध्ये नाकाला नेमकं हेच काम करायचं असतं. गुळव्याला दोन शब्दांत सांगून जा म्हणजे झालं.

तपासा: डोळे मिटून यातले निदान चार वास नावानिशी ओळखता येतात का? येत असतील तर तुमची तयारी टेबलावरच्या बहुतेकांच्या पुढे आहे.

पायरी ३: त्या दिवशीचं जेवण आणि अंग

टेस्टिंग बहुधा रविवारी संध्याकाळी असतं आणि कोल्हापुरात रविवारची दुपार मटणाची असते. इथेच सगळं बिघडतं. मिरचीतलं कॅप्सेसिन आणि अल्कोहोल, दोन्ही तोंडातल्या उष्णतेची जाणीव करून देणाऱ्या एकाच संवेदकाला (रिसेप्टरला) चेतवतात. तांबड्या रश्श्याने तो आधीच तापलेला असेल तर ४६ टक्क्यांची व्हिस्की ६० टक्क्यांसारखी भाजते आणि दोष मात्र पीटला जातो. पांढऱ्या रश्श्याची अडचण वेगळी आहे. नारळाच्या दुधाचं आणि चरबीचं आवरण जिभेवर बसतं. मिसळ, कांदा-लसूण मसाल्याची भाजी, लसणीचं भडंग यांचा वास तर तासन् तास तोंडात राहतो.

म्हणून त्या दिवशी दुपारी साधं जेवा: वरण-भात, पोळी, कमी तिखट भाजी. टेस्टिंगच्या दोनेक तास आधी थोडंसं पुन्हा खा, उपमा किंवा दहीभात चालेल. उपाशीपोटी जाणं हीदेखील मोठी चूक आहे, कारण अल्कोहोल लगेच चढतं आणि तिसऱ्या ग्लासापर्यंत जीभ बोथट होते. मटण रात्री खा. टेस्टिंगनंतरचा तांबडा रस्सा कुणी अडवलेला नाही.

बाकीचं पटकन सांगतो. दात घासायचे ते दीडदोन तास आधी. मिंटची टूथपेस्ट चव बदलते. पान, सुपारी, तंबाखू, सिगारेट, बडीशेप टेस्टिंग संपेपर्यंत बंद. अत्तर, परफ्यूम, सुवासिक तेल, सेंटेड क्रीम लावू नका. मोगऱ्याचा गजराही त्या दिवशी नको, कारण त्रास शेजारच्यालाही होतो. दिवसभर पाणी पीत राहा.

सावधान: सर्दी असेल तर नाव काढून घ्या. जिभेला गोड, खारट, आंबट, कडू अशा मोजक्याच चवी कळतात, बाकी सगळं काम नाकाचं असतं आणि बंद नाकाने पीटेड माल्ट म्हणजे नुसती जळजळ. झोपेच्या गोळ्या, मेट्रोनिडाझोलसारखं प्रतिजैविक किंवा मधुमेहाचं औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घोट घेऊ नका. गरोदरपणात अजिबात नाही.

पायरी ४: घरी परतायची सोय आधी

रक्तातल्या अल्कोहोलची वाहन चालवतानाची कायदेशीर मर्यादा १०० मिली रक्ताला ३० मिलिग्रॅम आहे. पाच नमुने पूर्ण प्यायलात तर ती ओलांडली जाऊ शकते, मग तुम्हाला स्वतःला कितीही ‘काही झालेलं नाही’ असं वाटो. पहिल्या गुन्ह्यालाही दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

गाडी घरी ठेवा. ताराबाई पार्क किंवा राजारामपुरीतून रात्री दहानंतर रिक्षा मिळेलच असं धरून चालू नका. ओळखीच्या रिक्षावाल्याला येतानाच वेळ सांगून ठेवा. इचलकरंजी, जयसिंगपूर, कागल, गडहिंग्लजहून येणाऱ्यांनी न पिणारा चालक तरी ठरवावा, नाहीतर मुक्काम. हे टेस्टिंग संपल्यावर ठरवायचं काम नाही.

पायरी ५: पोहोचल्यावर पहिली दहा मिनिटं

दहा-पंधरा मिनिटं लवकर जा. पंख्याच्या झोतात बसू नका, कारण ग्लासावर जमलेला वास वारा उडवून नेतो. स्वयंपाकघराचं दार, मच्छर अगरबत्ती, उदबत्ती यांपासूनही लांब बसा. एप्रिल-मेमध्ये खोलीत एसी नसेल तर अल्कोहोलची वाफ नाकात जास्त घुसते. ग्लास तळहातात धरून गरम न करता दांडीला किंवा बुडाला धरायचा.

मग रिकामा ग्लास हुंगा. हो, रिकामाच. कपाटाचा, साबणाचा किंवा ओल्या फडक्याचा वास आला तर साध्या पाण्याने खळबळून घ्या, निथळू द्या किंवा बदलून मागा. ग्लास खाली फुगीर, वर निमुळता हवा. ग्लेनकेर्न या नावाचा ग्लास यासाठी सर्वत्र वापरतात. रुंद तोंडाच्या नेहमीच्या पेगच्या ग्लासात वास पसरून जातो. तसाच ग्लास आला तर ओशाळू नका, वाइनचा छोटा ग्लास मागा.

समोर काय काय असायला हवं: पिण्याचं पाणी, व्हिस्कीत घालायचं वेगळं साधं बाटलीचं पाणी, ड्रॉपर किंवा चहाचा चमचा, पिकदाणी, कोरा कागद, पेन आणि बिनलोण्याचा साधा पाव किंवा ज्वारीच्या भाकरीचा तुकडा. नळाच्या पाण्यातला क्लोरीन नाजूक वासांवर बसतो, म्हणून ते ग्लासात घालू नका.

पिकदाणी वापरायला लाजू नका. तोंडात फिरवून थुंकणं हा अपमान नाही. ज्यांना रोज दहावीस नमुने तपासायचे असतात ते असंच करतात.

सावधान: टेबलावर चकणा आला असेल तर टेस्टिंग संपेपर्यंत बाजूला सरकवा. मसाला शेंगदाणे, चकली, फरसाण, कांदा-लिंबू, यातला एक घाससुद्धा पुढचे दोन ग्लास वाया घालवतो. सोडा आणि बर्फही नको. गारव्यात वास दबतात.

पायरी ६: ग्लासांचा क्रम समजून घ्या

मार्गदर्शक क्रम लावून देतोच, पण तो का लावला आहे हे कळलं पाहिजे. नियम असा: बिनधुराचा आधी, मग हलका धूर, मग जड, आणि सारख्याच धुराच्या दोन असतील तर कमी टक्क्यांची आधी. कोल्हापुरात सहज समजेल अशी एक मांडणी पाहा.

पहिला ग्लास बिनपीटचा, ग्लेनलिव्हेट १२ सारखा, ४० टक्के. हा फक्त मोजपट्टी म्हणून. याच्याशी ताडून पाहिल्यावरच पुढच्या ग्लासांत पीटने काय आणलं आणि बार्ली-लाकडाने काय आणलं हे वेगळं कळतं. दुसरा हायलँड पार्क १२, ४० टक्के, ऑर्कनी बेटावरचा. तिथल्या पीटमध्ये हेदर नावाचं झुडूप भरपूर, त्यामुळे धूर गोडसर, मधाळ. तिसरा कल ईला १२, ४३ टक्के. चौथा लागावूलिन १६, तोही ४३ टक्के. पाचवा लाफ्रॉइग १० किंवा आर्डबेग १०. आर्डबेग ४६ टक्क्यांचा आणि बार्लीत साधारण ५५ पीपीएम.

तिसरा आणि चौथा मुद्दाम लागोपाठ ठेवलेत. दोन्ही स्कॉटलंडच्या आयला बेटावरचे, दोन्हींची बार्ली साधारण ३५ पीपीएमची आणि पोर्ट एलन माल्टिंग्ज या एकाच बार्ली वाळवणाऱ्या कारखान्यातून येणारी. तरी कल ईला हलका, लिंबाळ, स्वच्छ राखेसारखा. लागावूलिन जड, तेलकट, सुक्या मेव्याचा. फरक भट्टीचा, गाळण्याच्या वेगाचा आणि पिंपांचा. पीपीएमच्या आकड्यावरून चव ठरवणाऱ्यांनी हे दोन ग्लास शेजारी ठेवून पाहावेत, बाकी वाद आपोआप मिटतो.

आयला म्हणजे पीट असंही समजू नका. त्याच बेटावरच्या बुनाहावन आणि ब्रुकलॅडी यांचे नेहमीचे माल्ट बिनपीटचे असतात. उलट पीटेड माल्ट बेटाबाहेरही होतो: स्काय बेटावरचा टॅलिस्कर, मल बेटावरचा लेडिग. आपल्याकडे गोव्याचा पॉल जॉन आणि बंगळुरूचा अमृत यांच्याही पीटेड आवृत्त्या आहेत. एखाद्या टेस्टिंगमध्ये त्या असतील तर आनंदाने घ्या, फक्त त्यांना स्कॉच म्हणू नका. स्कॉच स्कॉटलंडमध्येच गाळलेली, ७०० लिटरपेक्षा मोठं नसलेल्या ओकच्या पिंपात तिथेच किमान तीन वर्षं मुरलेली आणि किमान ४० टक्क्यांची असावी लागते.

तपासा: ऑक्टोमोर यादीत असेल तर तो शेवटी आहे ना? आधी असेल तर मार्गदर्शकाला नम्रपणे विचारा. ८० पीपीएमच्या पुढच्या बार्लीतून केलेल्या व्हिस्कीनंतर हलक्या धुराचा ग्लास पाण्यासारखा लागतो.

पायरी ७: वास

रंग पाहण्यात वेळ घालवू नका. स्कॉचमध्ये रंगासाठी साधं कॅरॅमल घालायला कायद्याने मुभा आहे, त्यामुळे गडद म्हणजे जुनी किंवा चांगली असं काही नाही.

ग्लास एकदा हळू तिरका करून भिंती ओल्या करा. गरगर घुसळू नका, त्याने अल्कोहोल उसळतं. आता ग्लास हनुवटीपाशी आणा आणि साधा श्वास घ्या. मग ओठापाशी. मग नाकापाशी, तोंड किंचित उघडं ठेवून. दोन-तीन सेकंदांचे छोटे श्वास घ्या आणि ग्लास लगेच दूर न्या. नाक ग्लासात खुपसून फुप्फुस भरलंत तर पुढची पाच मिनिटं काहीही कळणार नाही.

पहिल्या फेरीत धूरच येईल. येऊ द्या, आणि तो कोणता ते लिहा: चूल, राख, टिंक्चर, डांबर, खारी मासळी? मग ग्लास झाकून बाजूला ठेवा, दोन मिनिटं थांबा. स्वतःच्या शर्टाची बाही हुंगा, नाक मोकळं होतं. पुन्हा या. एकाच वासात सतत राहिलं की नाक त्याची दखल घेणं कमी करतं. हा नाकाचा गुण पीटेड माल्टमध्ये आपल्या कामाचा आहे, कारण दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत धूर मागे सरकतो आणि लिंबू, मध, खोबरं दिसू लागतं. घाई करणारा नेमकं हेच गमावतो.

तपासा: मार्गदर्शकाने शब्द उच्चारण्याआधी तुमचे दोन शब्द कागदावर आले का? त्याने ‘समुद्री शेवाळ’ म्हटलं की सगळ्या टेबलाला शेवाळ येऊ लागतं. तुमचा शब्द ‘दवाखान्याची फरशी’ असेल तर तोच लिहा. आपल्याला माहीत असलेल्या वासाचं नाव परक्या शब्दापेक्षा जास्त दिवस लक्षात राहतं.

पायरी ८: घोट

१५ मिलीचा हिशोब आधी करा. पाण्याआधी सहा-सात मिली, पाण्यानंतर चार-पाच, शेवटच्या फेरीसाठी तीन-चार मिली राखून. एका दमात संपवायचं नाही, कुणी चिअर्स म्हणून कितीही आग्रह केला तरी.

पहिला घोट फक्त जीभ ओली करण्यापुरता. तोंडाला अल्कोहोलची सवय व्हावी म्हणून. या घोटावर मत द्यायचं नाही. दुसरा घोट दोन-तीन मिलीचा, आठ-दहा सेकंद तोंडात फिरवा, जिभेखालीही जाऊ द्या. गिळल्यावर किंवा थुंकल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. पीटचा खरा आवाका तिथे कळतो, कारण घशाच्या मागून वास नाकात चढतो.

मग गप्प बसून एक मिनिट मोजा. काय उरलं? राख, गोड, खारट, कडवट, लवंग? किती वेळ टिकलं? बऱ्याच जणांना पीटेड माल्टची गंमत घोटात नाही तर या मिनिटात सापडते. तेवढ्यात शेजाऱ्याशी बोलायला लागलात तर अर्धा ग्लास फुकट गेला. मधे पाण्याचे दोन घोट आणि पावाचा तुकडा. पुढचा ग्लास निदान दहा मिनिटांनी.

पायरी ९: पाणी कधी आणि किती

‘पाणी घातलं की व्हिस्की मेली’ हे ठणकावून सांगणारा प्रत्येक टेबलावर एक असतोच. पीटेड माल्टच्या बाबतीत हे म्हणणं जास्तच चुकीचं आहे. २०१७ साली स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या ब्योर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन यांनी संगणकीय प्रतिकृती करून दाखवलं की अल्कोहोल ४५ टक्क्यांपर्यंत असताना ग्वायकॉलचे रेणू द्रवाच्या पृष्ठभागाकडे राहतात, आणि ५९ टक्क्यांच्या वर ते अल्कोहोलच्या वेढ्यात आत ढकलले जातात. ग्वायकॉल हे धुरकट वासाचंच द्रव्य आहे. म्हणजे कास्क स्ट्रेंग्थ माल्टमध्ये योग्य तेवढं पाणी वास वर आणतं.

प्रमाण असं. ५७ टक्क्यांच्या १५ मिलीला ४५ टक्क्यांवर आणायला ४ मिली पाणी लागतं, म्हणजे चहाच्या चमच्याला थोडं कमी. ४६ टक्क्यांच्या १५ मिलीला ४० वर आणायला दोन-सव्वादोन मिली. ‘दोन-तीन थेंब’ घातल्याने टक्केवारी जेमतेम अर्ध्या टक्क्याने हलते, मग फरक वाटला नाही म्हणून नवल करू नका. ४० टक्क्यांच्या माल्टमध्ये पाणी घालायची गरज बहुधा नसते.

पाणी पहिल्या फेरीनंतरच घाला, आधी नाही. तेव्हा ग्लासात आठेक मिलीच उरलेली असते, म्हणून वरच्या मापाच्या साधारण निम्मंच पाणी घ्या. एकदम न घालता दोन टप्प्यांत घाला आणि दर टप्प्यावर पुन्हा हुंगा. व्हिस्की किंचित ढगाळ झाली तर घाबरू नका, ती खराब नाही. थंड करून गाळून न घेतलेल्या माल्टमधले तेलकट अंश पाण्यामुळे दिसू लागतात.

पायरी १०: उलटी फेरी

सगळे ग्लास चाखून झाले की बहुतेक लोक उठतात. थांबा. राखलेले तीन-चार मिली आता कामाला येतात. शेवटच्या जड ग्लासाकडून पहिल्याकडे, उलट्या क्रमाने, फक्त वास घेत या. गरज वाटली तरच थेंबभर चाखा.

सुरुवातीला ज्याचा धूर जोरदार वाटला होता तो हायलँड पार्क आता जवळजवळ बिनधुराचा, मधाचा वाटेल. कल ईलातलं लिंबू उघडं पडेल. आधीच्या नोंदींशेजारी नव्या नोंदी लिहा, जुन्या खोडू नका. कोणता आवडला हे ठरवायची वेळ ही. पहिल्या फेरीत नापसंत केलेला ग्लास इथे वर येणं नेहमीचं आहे, आणि म्हणूनच पहिल्या घोटावर मत देऊ नका असं वर म्हटलं.

मार्गदर्शकाला प्रश्न विचारायचे तेही आत्ता. ‘सगळ्यात भारी कोणती?’ यातून काही हाती लागत नाही. पिंप कोणतं होतं, गाळताना धार कधी तोडतात (म्हणजे पिंपात भरायचा भाग घेणं कधी थांबवतात), बाटली कधी उघडली होती, हे विचारा. धारेचा प्रश्न महत्त्वाचा आहे. जड फिनॉल गाळण्याच्या उत्तरार्धात येतात, आणि लाफ्रॉइगमध्ये औषधी-डांबरी बाज ठळक असण्याचं एक कारण तिथे धार उशिरा तोडतात हे आहे. कंपनीचा माणूस बोलत असेल तर तो स्वतःचाच ब्रँड वर धरणार, तेवढं वजा करून ऐका.

पायरी ११: रिकामा ग्लास, मग बाटली

जेवण येईपर्यंत ग्लास उचलू देऊ नका. अर्ध्या तासाने रिकामे ग्लास पुन्हा हुंगा. अल्कोहोल उडून गेलेलं असतं आणि तळाशी जे वाळलं ते राख, डांबर, वाळकं गवत, कधी शुद्ध मध असतं. दोन माल्टमधला फरक काही वेळा इथेच सगळ्यात स्पष्ट होतो. त्यानंतर खुशाल तांबडा रस्सा मागवा.

बाटली त्याच रात्री विकत घेऊ नका, सवलत असली तरी. दोन दिवसांनी कागद वाचा आणि जो ग्लास नोंद न पाहता आठवतो तोच घ्या. घेताना बाटलीवर आयातदाराचं नाव आणि छापील किंमत आहे का, सील शाबूत आहे का ते बघा. घरी उभी ठेवा, आडवी नाही. चाळीस टक्क्यांच्या वरचं अल्कोहोल कॉर्कला सतत लागलं की कॉर्क भुसभुशीत होतो. ऊन आणि गॅसची शेगडी यांपासून लांब ठेवा. बाटली अर्ध्याच्या खाली आली की हवेमुळे धूर पहिल्यांदा फिका पडू लागतो, म्हणून उरलेली स्वच्छ, छोट्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवा आणि काही महिन्यांत संपवा.